प्रशिक्षण द्यायचंच तर लिहिण्याचंही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला दिनाच्या आपल्या पुरवणीत ग्रामीण महिलांच्या रोजगारावर दोन पूर्ण पानं होती. शिवणकाम, पापड-लोणची, शेळीपालन, मसाला कांडप, अळिंबी. यातलं एकही काम हलकं नाही. आमचा बचत गट स्वतः हळद कांडतो आणि विकतो, त्यामुळे त्या कष्टांची मला जाण आहे. पण लिहिण्याच्या कामाचा त्या पानांत कुठे उल्लेख नव्हता, आणि तो कधीच नसतो. खेड्यातली बाई हाताने काहीतरी बनवील हे सगळ्यांना पटतं. डोक्यात आहे ते लिहून ती चार पैसे मिळवील, हे कोणाच्या मनातच येत नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात राहते. शिक्षण बारावी, लग्नानंतर एमएस-सीआयटी. घरची कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. २०२०च्या टाळेबंदीत मी मोबाइलवर कपाशीच्या शेतीबद्दल ब्लॉग लिहायला लागले. आज घरचा किराणा आणि मुलीच्या वसतिगृहाचा खर्च माझ्या लिहिण्यातून निघतो. सगळ्याच बायांचं असं होईल असं मी म्हणत नाही. पण हा रस्ता आहे, त्याला भांडवल जवळजवळ लागत नाही आणि तो आम्हाला कोणी दाखवत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर मधलं काढा, शेवटच्या मागण्या तेवढ्या ठेवा.

आमच्याकडे बाई आयुष्यभर शेतात राबते आणि तिच्याजवळ त्याचा एकही कागद नसतो. सातबारा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने, पीककर्ज त्यांच्या नावाने, कापूस विकल्याची काटापट्टीही त्यांच्याच नावाने. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा काही घरांत बायकोचं नाव जमिनीला लागलं. आमच्या गावात अशी घरं आजही बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. अर्धं आयुष्य निंदण, डवरणीमागचं (म्हणजे कोळपणीमागचं) काम आणि वेचणी केलेली बाई एखाद्या संस्थेत काम मागायला गेली की पहिला प्रश्न येतो, अनुभव आहे का? आहे ना. पण दाखवायचा कसा?

माझ्या मते ब्लॉगचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे. प्रत्येक लेखाबरोबर तारीख असते आणि नाव असतं. जून महिन्यात काय लिहिलं, दिवाळीत काय लिहिलं, पुढच्या हंगामात त्यात काय भर घातली, सगळं कोणालाही उघडून बघता येतं. कुठल्या सरपंचाची सही नको की कोणाची ओळख नको. बाईला अमुक एका गोष्टीतलं कळतं आणि ती ते नीट सांगू शकते, याचा पुरावा तिचा तिनेच तयार केलेला असतो.

माझ्या लिहिण्याची सुरुवात डोमकळीपासून झाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, ते वर्ष आपल्या वाचकांना आठवत असेल. ही अळी बोंडाच्या आत शिरून बसते, वरून बोंड चांगलं दिसतं आणि वेचायला गेलं की सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. पण त्याआधी, कपाशी फुलावर असताना ती एक खूण देते. काही फुलं उमलत नाहीत, पाकळ्या एकमेकींत गुरफटून मिटलेल्या राहतात. तीच डोमकळी. उघडून बघितली तर आत अळी. अशी फुलं तेव्हाच तोडून नष्ट केली तर पुढचं बरंच नुकसान टळतं. आता ही डोमकळी आधी कोणाला दिसते? ओळीओळीने वाकून निंदणाऱ्या बायांना. पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाची नजर वेगळीकडे असते. वासाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन दिवस रोज या अळीचे आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली समजायचं, हे कृषी खात्याच्या पत्रकात असतं. पण ते पत्रक बाईच्या हातात येत नाही आणि बाईने बघितलेलं पत्रक काढणाऱ्यापर्यंत जात नाही.

ब्लॉग सुरू केल्यावर मी डोमकळीचे फोटो काढले, एक मिटलेली, एक उघडून आतली अळी दाखवणारी आणि शेजारी एक चांगलं उमललेलं फूल, म्हणजे फरक कळावा. त्याखाली आम्ही बाया ती कशी ओळखतो ते लिहिलं. त्या हंगामात जालना, परभणीकडच्या शेतकऱ्यांचे प्रश्न यायला लागले. एकाने विचारलं, फूल सकाळीच मिटलेलं दिसतं की दुपारीही? तो प्रश्न बरोबर होता आणि उत्तर द्यायला मला पुन्हा शेतात जाऊन बघावं लागलं.

कौशल्य म्हणतात ते असं येतं. आपण बोलताना ‘थोडं’, ‘बऱ्यापैकी’, ‘अंदाजाने’ म्हणून भागवतो. लिहिताना भागत नाही. किती ओळींनंतर, पेरणीपासून कितव्या दिवशी, कुठल्या पानाच्या बगलेत, हे सांगावं लागतं. औषधाचं प्रमाण तर मी कधीच मनाने लिहीत नाही. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारते किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस बघते, आणि कुठून घेतलं ते लेखातच सांगते. बोंडअळीच्या त्याच २०१७ सालात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. ज्या गावांत ते घडलं, त्या गावांतले लोक माझं लिखाण वाचतात, हे मला लिहिताना विसरता येत नाही.

गूगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. लोक काय शोधत आपल्या लेखापर्यंत आले ते त्यात दिसतं. मला त्याने पुष्कळ शिकवलं. ‘गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ असं शोधणारे थोडे असतात. ‘कपाशीची फुलं उघडत नाहीत’, ‘बोंडात अळी काय करावे’ असं शोधणारे जास्त. लोकांची अडचण त्यांच्या शब्दांत ओळखणं आणि त्याच शब्दांत उत्तर देणं, ही शहरात पगारी नोकरी आहे. मी ती चुलीजवळ बसून शिकले. पुढे पुण्याच्या एका शेतीमाहिती देणाऱ्या कंपनीने माझे लेख वाचून विचारलं, आमच्या शेतकऱ्यांना जाणारे संदेश अशा भाषेत लिहून द्याल का? त्यांनी माझी गुणपत्रिका मागितली नाही. तिथून इंग्रजी माहितीपत्रकांच्या भाषांतराचं काम मिळालं. आता पहिला खर्डा यंत्र करून देतं आणि आम्ही तो दुरुस्त करतो, त्यामुळे दर उतरलेत, हेही सांगितलं पाहिजे. पण दुरुस्त करायला शेत माहीत असलेलं माणूस लागतं, म्हणून काम येत राहतं.

माझं एकटीचं सांगून भागणार नाही. माझी चुलत जाऊ सातवी शिकलेली आहे. तिला म्हटलं, तुझ्या हातच्या सरगुंड्यांचं लिही, तर म्हणाली, “मले काय लिवता येते वो बाई? माह्या हातचं खाऊन पाहा म्हना त्याहिले.” मग ती सांगायची आणि तिची पोरगी टाइप करायची. मोबाइलवर बोलून लिहायची सोय आहे, पण आमचं वऱ्हाडी बोलणं त्याला धड कळत नाही, भलतंच उमटतं. सरगुंडे, रोडगे, वडाभात, मडक्यावरची लांब पोळी, अंबाडीच्या बोंडांचं सरबत, उन्हाळ्यातले सांडगे. सुरुवातीला मूठभर आणि चिमूटभर चालायचं. वाचणाऱ्यांनी विचारून विचारून तिला वाटी-चमच्याच्या मापावर आणलं. मग ती स्वतःच एक पदार्थ दोनदा करून बघायला लागली, एकदा घरच्या अंदाजाने आणि एकदा मापाने. वर्षाच्या आत तिने पोरीच्या हातातला मोबाइल स्वतःकडे घेतला. आज आमच्या गटाच्या हळदीच्या पाकिटावरचा मजकूर तिचा आहे. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव पाकिटावर कोणाला लावता येतं, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी का लागते, हे गटातल्या बायांना सोप्या भाषेत समजावणारा लेखही तिनेच लिहिला. प्रदर्शनात स्टॉलवर गिऱ्हाइकाने काही विचारलं की बाकीच्या तिच्याकडे बोट दाखवतात, कारण सांगायची सवय तिला आहे.

गटातल्या एकीची मुलगी लिपिकाच्या परीक्षेची तयारी करते. त्या पदाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द लागतं. ती अभ्यासाच्या टिपणांचाच ब्लॉग लिहिते, वाचनालयातल्या संगणकावर बसून. टायपिंगचा हात तिथेच बसला आणि टिपणं लिहून काढल्याने पाठ वेगळं करावं लागत नाही, असं ती सांगते.

लोक म्हणतील, आता व्हिडिओचा जमाना आहे, लिहिलेलं कोण वाचतं? व्हिडिओ करणाऱ्या बायांचं मला कौतुक आहे. पण आमच्या घरांत शांत खोली नसते, सुनेने चेहरा दाखवण्यावरून वाद होतात, आणि डेटा संपतो. लिहायला भाकरी झाल्यावरची अर्धी घटका पुरते. अर्धवट राहिलं तर खर्ड्यात जपून ठेवता येतं, चुकलं तर दुरुस्त करता येतं, आणि नेटवर्क आलं की टाकता येतं. शिवाय जिथे पगार मिळतो तिथे लिहिणंच मागतात. अहवाल, पत्रं, माहितीपत्रक, बातमी, पाकिटावरचा मजकूर, कुठे बोलून भागतं?

पैशाचं मात्र स्पष्ट सांगते, कारण या बाबतीत बायांना फसवणारे फार आहेत. ‘घरबसल्या ब्लॉगिंगमधून महिन्याला अमुक हजार’ म्हणून शिकवणीची फी उकळणाऱ्यांकडे जाऊ नका. ब्लॉग लिहायची ब्लॉगर ही सेवा १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ती गूगलने घेतली, आणि ती वापरायला एक रुपया लागत नाही. वर्डप्रेसवरही फुकट सुरू करता येतं. जाहिरातींचे पैसे गूगलच्या अॅडसेन्समधून मिळतात, आणि मराठीतल्या लेखांनाही मिळतात, पण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. नव्या माणसाला तिथवर पोचायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. मला जाहिरातींतून मिळतं ते थोडं, लेखांमुळे आलेल्या कामातून मिळतं ते खरं. जी बाई जाहिरातींच्या आशेने सुरू करील ती तीन महिन्यांत सोडून देईल.

आणि कागदपत्रं. दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला गूगलकडून पिन क्रमांकाचं पाकीट पोस्टाने घरी येतं. आमच्याकडच्या बायांचे पत्ते आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे. नावाचा गोंधळ त्याहून मोठा. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, बँकेत नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं नाही तर कमावलेले पैसे अडकतात. त्यामुळे पहिला लेख लिहिण्याआधी बाईने आपली नावं एकसारखी करून घ्यावीत, असं मी प्रत्येकीला सांगते. ते तसंही दहा ठिकाणी उपयोगी पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं, खातं बाईच्या स्वतःच्या नंबरवर उघडा. आमच्या ओळखीतल्या एकीचं खातं दिराच्या मोबाइल नंबरवर होतं. तो कामाला पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि हिचं दोन वर्षांचं लिखाण कुलपात राहिलं. पासवर्ड आठवेना आणि ओटीपी येईना. ती पुन्हा लिहायला बसली नाही. तिच्याकडे देवीच्या आणि भुलाबाईच्या गाण्यांचा मोठा साठा होता, तिच्या आजीकडून आलेला. तो गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

घरच्यांची भीती मी समजू शकते. बाईचं नाव नेटवर जाणार, कोण काय लिहील, गावात काय बोलतील. फोटो टाकायची गरज नाही. गावाचं नावही द्यायची गरज नाही, तालुका पुरे. वाचकांच्या प्रतिक्रिया आपण बघितल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नयेत अशी सोय ब्लॉगरमध्ये आहे, ती पहिल्या दिवशीच सुरू करावी. पण नाव मात्र स्वतःचं असावं, या मताची मी आहे. टोपणनावाने लिहिलेलं उद्या काम मागताना आपलं म्हणून दाखवता येत नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची मला या संदर्भात नेहमी आठवण येते. मुलींना शाळा नव्हती, वडिलांनी घरीच शिकवलं. १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात त्यांनी बायांवरच्या अन्यायाबद्दल असं लिहिलं की आजही वाचताना अंगावर काटा येतो. छापायला पुणं गाठावं लागलं. टीका झाली, जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली, पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. छापखाना दुसऱ्याचा, पैसा दुसऱ्याचा, वाचकही दुसऱ्या कोणी आणून द्यायचा. आज बुलढाण्यातल्या कुठल्याही खेड्यातून एखाद्या मुलीला लिहायचं असेल तर या तिन्हींवाचून अडत नाही. अडतं ते फक्त कोणी ‘लिही’ म्हणत नाही म्हणून.

२०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हातून झालं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. २०२३ला संमेलन आमच्या वर्ध्यात आलं. तिथे गर्दीत बसून ऐकताना वाटत राहिलं की गावातल्या बाईला असा दिवा लावायला एक दिवस बोलावणं चांगलंच, पण उरलेल्या दिवसांसाठी तिला लिहायचं साधन आणि सराव हवा.

आता मागण्या. पहिली ‘उमेद’कडे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडे. २०११ पासून या अभियानाने गावोगाव कृषी सखी, पशुसखी, बँक सखी तयार केल्या आणि ते काम मोठं आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक प्रभागात एक लेखन सखी का नसावी? गटाची पुस्तकं लिहिणाऱ्या बाया आधीच आहेत. ठराव, जमा-खर्च, हजेरी त्या वर्षानुवर्षं लिहीत आल्यात. त्यांना मराठी टायपिंग, फोटो, लेखाची मांडणी, खात्याची सुरक्षा आणि माहिती तपासून घेण्याची रीत एवढं शिकवलं तर आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण पुरेल. त्या बाकीच्यांना शिकवतील. हेच महिला आर्थिक विकास महामंडळालाही करता येईल. त्यांचा बचत गटांचा अनुभव किती आहे, तो बायांच्याच शब्दांत लिहिला जाऊ द्या.

दुसरी ग्रामपंचायतींकडे आणि गावच्या वाचनालयांकडे. संगणक आहेत, पण दुपारी बंद असतात किंवा दाखले काढण्यापुरतेच चालतात. दुपारी दोन ते चार ही बायांची मोकळी वेळ असते, निदान वेचणीचा हंगाम सोडून. ती वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा, आणि त्या वेळात तिथे एखादी बाईच बसलेली असू द्या, म्हणजे सासूसासरे सुनांना पाठवतील.

तिसरी आपल्याकडे, संपादक महोदय. जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा गावातल्या बाईने लिहिलेला शेतीचा, स्वयंपाकाचा, गटाच्या कामाचा लेख छापा. तिच्यावर लिहिलेला नको, तिने लिहिलेला. खाली तिचं नाव आणि तिच्या ब्लॉगचा पत्ता द्या, आणि मानधन द्या, मग ते थोडं का असेना, पण तिच्या खात्यात. लेख निवडायला, भाषा बघून द्यायला आमच्या तालुक्यापुरती मी तयार आहे. आमच्या गटाच्या बाया दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात लिहायला बसतात, आपल्या वार्ताहरांना कधीही पाठवा. डोमकळीवरचा माझा लेख आणि जावेचा सरगुंड्यांचा लेख या पत्रासोबत जोडले आहेत. छापण्याजोगे वाटले तर पुढच्या हंगामाआधी, मेअखेरपर्यंत छापावेत, म्हणजे पेरणीआधी लोकांच्या हाती पडतील.

आपली वाचक,
एक शेतकरी महिला
ता. समुद्रपूर, जि. वर्धा

(नाव आणि संपर्क क्रमांक कार्यालयासाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे. लेखांखाली नाव जरूर छापावं.)